उल्लेख नाही, म्हणजे माणूस नाही?

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "एखादी व्यक्ती झालीच नाही, हे सिद्ध कसं करायचं?" मी तिला गू ज्येगांग वाचायला सांगितलं. पण नुसतं गू वाचून चालत नाही, म्हणून हे लिहितोय.

चीनच्या पारंपरिक इतिहासात सुरुवातीला पीत सम्राट, मग याओ, शुन आणि महापुराला वाट काढून देणारा यू, अशी आदर्श राजांची रांग आहे. 1923 मध्ये तिशीतल्या गूने एक साधी गोष्ट केली. कोणता राजा कोणत्या काळातल्या ग्रंथात पहिल्यांदा दिसतो, ते त्याने मांडून पाहिलं. पश्चिम चौ काळात सगळ्यात जुना म्हणून फक्त यू भेटतो. कन्फ्यूशियसच्या काळापर्यंत त्याच्या आधी याओ आणि शुन येऊन बसतात. पीत सम्राट येतो तो युद्धरत राज्यांच्या काळात, आणि विश्व घडवणारा पानगू तर हान काळानंतर. म्हणजे जो सगळ्यात 'आधीचा', तो सगळ्यात उशिरा आलेला! शिवाय पात्रं वाढतही जातात. शुन आधी नुसता शहाणा राजा असतो, मेन्सियसपर्यंत तो आदर्श पुत्र होतो.

मला यातलं खरं मोलाचं वाटतं ते वेगळंच. गू म्हणतो, घटना खरी काय होती हे कळलं नाही तरी तिच्याबद्दलची समजूत कधी कशी होती, हे आपण शोधू शकतो. प्रश्न बदलला की हातातल्या साधनांनी उत्तर मिळू लागतं. नाटकांचा त्याला नाद होता. एकच कथा गावोगावी कशी बदलते हे त्याने पाहिलं होतं, आणि तीच नजर त्याने पोथ्यांना लावली.

आता गडबड कुठे होते ते बघा. दोन वर्षांनी, 1925 मध्ये, विशीतला विद्यार्थी जांग यिनलिन याने गूवर नेमकं बोट ठेवलं. फ्रेंच इतिहासकार सेन्योबोसचा आधार घेऊन तो म्हणाला, मौनाचा पुरावा केव्हा चालतो? लेखकाने त्या प्रकारच्या सगळ्या गोष्टी नोंदवायचं ठरवलेलं असेल, आणि ही गोष्ट त्याच्याकडून सुटणं शक्यच नसेल, तेव्हाच. यज्ञात गायच्या स्तोत्रांत याओ नाही, यावरून याओ कुणाला माहीतच नव्हता असं कसं म्हणणार? स्तोत्र म्हणजे काही राजांची यादी नव्हे. माझ्या मते हा आक्षेप गूच्या बाजूने आजही नीट सुटलेला नाही. आणि 'यू हा मुळात प्राणी असावा' हा त्याचा तर्क तर एका जुन्या शब्दकोशातल्या व्युत्पत्तीवर उभा होता. तो त्याने पुढे सोडला, पण लू शुनने त्याची टर उडवायची ती उडवलीच.

उलट बाजूची घाईही तितकीच वाईट. वांग गुओवेईने 1917 मध्ये भविष्यकथनाच्या हाडांवरची शांग राजांची नावं सीमा छ्येनच्या वंशावळीशी ताडून पाहिली आणि ती बहुतांशी जुळली. झालं! लगेच 'शांग खरे, म्हणजे त्याआधीचे श्याही खरे' असं म्हणणारे निघाले. एका घराण्याची यादी खरी ठरली म्हणून दुसऱ्याची आपोआप ठरत नाही. अर्लितोउला मोठं नगर सापडलं, पण स्वतःचं नाव सांगणारा लेख तिथे मिळालेला नाही.

2002 मध्ये समोर आलेलं पश्चिम चौ काळातलं एक कांस्यपात्र मला फार आवडतं. त्यावरच्या 98 अक्षरी लेखात यू आहे, पण तो स्वर्गाच्या आज्ञेने जमीन आणि नद्या लावणारा. म्हणजे यू त्या काळी ठाऊक होता, हे गूचं म्हणणं टिकलं. पण तो राजा आहे की देवकोटीतला, यावर वाद चालूच. काही जण म्हणतात, त्यात श्या घराण्याचं नावही नाही. अहो, सद्गुणावरच्या 98 अक्षरांत ते यायलाच हवं होतं का? जांगचा प्रश्न इथेही तसाच लागू पडतो.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने का सांगतोय? माझ्या दुसऱ्या प्रकरणात वाक्य होतं: 'बाराव्या शतकाआधी उल्लेख नाही, त्यामुळे ही परंपरा नंतरची.' गाइडनी समोर फक्त लिहिलं, "कोणत्या साधनात असायला हवा होता?" मी ज्या लेखांवर विसंबलो होतो ते जवळपास सगळे जमिनीच्या दानाचे निघाले. ते प्रकरण आता नव्याने लिहितोय.