कॅमेऱ्यासमोरचं प्रायश्चित्त : मोनिका बेदी आणि ‘बिग बॉस’चं घर

१७ ऑगस्ट २००८ रोजी कलर्स वाहिनीवर ‘बिग बॉस’चं दुसरं पर्व सुरू झालं, तेव्हा वाहिनी जेमतेम महिनाभराची होती. तिला प्रेक्षक हवे होते आणि ते लवकर हवे होते. लोणावळ्याच्या त्या घरात पाठवलेल्या माणसांची यादी आज पुन्हा वाचली की त्यामागचा हिशेब कळतो. सूत्रसंचालक शिल्पा शेट्टी. त्याच्या दीड वर्ष आधी ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये तिला वंशद्वेषी वागणूक मिळाली आणि ती तो खेळ जिंकून आली. त्या वागणुकीबद्दल जगभर बदनाम झालेली जेड गुडी इथे स्पर्धक म्हणून हजर. प्रमोद महाजनांचा मुलगा राहुल, ज्याचं नाव २००६ साली महिनाभर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होतं. आणि मोनिका बेदी. या पर्वाचा मूळ विषयच ‘माफी’ होता असं माझं मत आहे. कुणी कुणाला, कशाबद्दल आणि कोणत्या अधिकारानं माफ करायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

या लेखात मी त्यातल्या एकाच व्यक्तीकडे पाहणार आहे. मोनिका बेदीवर लिहिणाऱ्यांनी तिला एक तर ‘डॉनची प्रेयसी’ म्हणून लिहिलं, नाही तर ‘प्रेमात फसलेली बिचारी’ म्हणून. तिचं टीव्हीवरचं आयुष्य, जे तिच्या चित्रपटातल्या आयुष्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिलं, त्याची समीक्षा कुणी केलेली माझ्या वाचनात नाही.

आधी नोंदलेल्या गोष्टी. जन्म पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातला. लहानपणीच कुटुंब नॉर्वेला, द्रामेन या गावी स्थायिक झालं. नव्वदच्या दशकात ती मुंबईत आली आणि १९९५च्या ‘सुरक्षा’पासून हिंदीत कामं करू लागली. २००१ साली डेव्हिड धवनच्या ‘जोडी नंबर १’मध्ये ती दिसली. गोविंदा आणि संजय दत्त यांच्या गडबडीत तिच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. ती पहिल्या फळीतली नटी कधीच नव्हती. पुढे तिचं नाव घराघरात पोचलं त्याचा तिच्या अभिनयाशी संबंध नव्हता, हे तिच्या पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे.

तो काळ आठवून पाहा. १२ मार्च १९९३च्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसं मेली. मार्च १९९५मध्ये बिल्डर प्रदीप जैन यांची हत्या झाली. ऑगस्ट १९९७मध्ये अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्या हत्येशी अबू सालेमच्या टोळीचं नाव जोडलं गेलं. निर्मात्यांना खंडणीचे फोन येत, परदेशातल्या कार्यक्रमांची आमंत्रणं दुबईतून येत. १९९८ साली सरकारनं चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, त्यामागे बँकांचा पैसा यावा आणि टोळ्यांचा जावा हा हेतू होता. त्या मुंबईत पाय रोवू पाहणाऱ्या एका मध्यम दर्जाच्या नटीला दुबईतल्या स्टेज शोसाठी फोन येणं यात नवल काही नव्हतं. मोनिकाचं म्हणणं असं, की समोरच्या माणसानं आपलं नाव अर्सलान अली सांगितलं होतं आणि ती त्याला व्यावसायिक समजत होती. पुढे तिला काय आणि कधी कळलं, यावर माझ्याकडे पुराव्याचं काही नाही. म्हणून मी त्यावर निवाडा देत नाही.

सप्टेंबर २००२मध्ये लिस्बनला सालेम आणि ती पकडले गेले. पोर्तुगालमध्ये बनावट कागदपत्रांबद्दल तिला शिक्षा झाली. सालेमला फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवणार नाही अशी हमी भारत सरकारनं दिल्यावर, नोव्हेंबर २००५मध्ये दोघांना भारतात आणलं गेलं. त्याच्यावर खुनाचे आणि स्फोटांचे खटले होते. तिच्यावर मुख्य खटला होता पासपोर्टचा. कुर्नूलच्या पत्त्यावर ‘सना मलिक कमाल’ या नावानं काढलेल्या पासपोर्टचा. सप्टेंबर २००६मध्ये हैदराबादच्या सीबीआय न्यायालयानं तिला पाच वर्षांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं ती तीन वर्षांवर आणली, आणि २००७च्या जुलैत ती तुरुंगाबाहेर आली. भोपाळच्या अशाच दुसऱ्या प्रकरणात ती निर्दोष सुटली होती.

या तारखांचा अर्थ असा, की बाहेर आल्यावर साधारण वर्षभरात ती ‘बिग बॉस’च्या घरात होती, आणि तिचं अपील तेव्हा निकाली निघालेलं नव्हतं. आपण जी स्त्री टीव्हीवर कांदा चिरताना पाहत होतो, तिच्या अपराधाबद्दलचा अखेरचा शब्द न्यायव्यवस्थेनं अजून उच्चारायचा होता.

ती घरात असताना पडद्यावर तिच्याबद्दलची एक कहाणी आधीच फिरून गेली होती. एप्रिल २००६मध्ये, म्हणजे ती कोठडीत असताना, अनुराग बसूचा ‘गँगस्टर’ आला. निर्मात्यांनी नाकारलं तरी तो सालेम-मोनिका प्रकरणावर बेतलेला आहे असंच प्रेक्षकांनी धरून चालवलं. त्यातली सिमरन बारबाला आहे, सोल शहरात एकटी आहे, तिला गँगस्टरवरही प्रेम आहे आणि त्याच्या शत्रूवरही. शेवटी गँगस्टर फासावर जातो आणि ती स्वतःला संपवते. कंगना राणावतचं काम उत्तम होतं, हे मान्य करूनही मला त्या चित्रपटाची गंमत वाटते ती अशी : खऱ्या बाईचा खटला चालू असताना पडद्यावरच्या बाईला तिनं मरून मोकळं केलं. मेलेल्या नायिकेला माफ करायला काहीच लागत नाही. जिवंत बाई तुरुंगातून बाहेर आली की पंचाईत होते.

ती पंचाईत ‘बिग बॉस’नं सोडवली. कशी, ते पाहण्यासारखं आहे. त्या घरात फोन नाही, वर्तमानपत्र नाही, घड्याळ नाही. सगळ्यांनी स्वयंपाक करायचा, भांडी घासायची, झाडू मारायचा. बाकीच्यांना यातून आपली झळाळी थोडी कमी करून मिळते. ‘बघा, हे लोकही आपल्यासारखेच’ एवढंच प्रेक्षकाला वाटतं. मोनिकाच्या बाबतीत उलटं झालं. तिला कमी करायला झळाळी नव्हतीच. तिला या घरकामातून मिळाली ती गृहस्थी. जी बाई पाच वर्षं बातम्यांत चेहरा ओढणीनं झाकून पोलिसांच्या गाडीत चढताना दिसली, ती आता सकाळी केस बांधून चहा करत होती. ती फारशी भांडत नव्हती, आवाज चढवत नव्हती. आमच्या घरी मावशी हा कार्यक्रम नेमानं पाहायची. दुसऱ्या आठवड्यातच ती म्हणाली, ‘‘अगं, ही तर किती शांत आहे. बाकीच्या बघ कशा अंगावर येतात.’’ खटला संपला होता. निदान आमच्या दिवाणखान्यात तरी.

हे सारं चोवीस तासांतून रोज तासाभरासाठी कापलेलं होतं, हे मावशीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण संकलनाची ताकद अशी असते, की ठाऊक असूनही चालते. राहुल महाजनशी तिची जवळीक वाहिनीनं मन लावून दाखवली. बाईच्या बदनामीचं मूळ एका पुरुषाशी असलेल्या नात्यात असेल, तर तिची सुटकाही दुसऱ्या पुरुषाच्या सान्निध्यातच दाखवायची, असा हा सरधोपट हिशेब.

माझा खरा आक्षेप मात्र दुसरा आहे. तिला घरात आणलं ते एका नावाच्या जोरावर. त्या नावावाचून २००८ साली तिला कुणी विचारलं नसतं. पण घरात शिरल्यावर त्या नावाबद्दल तिनं फार काही बोलू नये, यातच सगळ्यांची सोय होती. अपील प्रलंबित असताना ती बोलणार तरी काय? वाहिनीला हे कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. मग ‘वास्तव’ दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या मधोमध एक मोठं मौन बसलं, आणि त्या मौनाभोवती अश्रू, रुसवे आणि एसेमेसची मतं फिरत राहिली. जेड गुडीचा प्रसंग याच पर्वातला. तिला कर्करोग झाल्याची बातमी घरातच कळली आणि ती मायदेशी परतली. पुढच्या मार्चमध्ये ती गेली. म्हणजे मृत्यूची बातमी या घरात येऊ शकत होती, १९९३ची मात्र नाही.

इथे अमेरिकेची तुलना उपयोगी पडते. तिथे माफियाच्या घरातल्या बायकांवर रिअ‍ॅलिटी शोची रांगच लागली. २००४ साली ‘ग्रोइंग अप गॉटी’ आला. न्यूयॉर्कचा माफिया सरदार जॉन गॉटी २००२मध्ये तुरुंगात मेला, त्याची मुलगी व्हिक्टोरिया आणि तिचे तीन मुलगे त्यात होते. मग २०११पासून ‘मॉब वाइव्ह्ज’. त्यातल्या कॅरन ग्रॅव्हानोचा बाप सॅमी यानं त्याच गॉटीविरुद्ध साक्ष दिली होती. रेने ग्राझियानोच्या घटस्फोटित नवऱ्यानं तर तपासयंत्रणेसाठी अंगावर ध्वनिमुद्रण यंत्र लावून तिच्याच बापाविरुद्ध पुरावा गोळा केला, आणि हे उघड झालं ते मालिका चालू असताना. तो कार्यक्रम उथळ होता, केस ओढण्यापर्यंत जायचा. पण त्यात बाप, नवरा, तुरुंग, खबरी हे विषय रोजचे होते. त्या बायका नाव विकायला आल्या होत्या आणि ते उघडपणे विकत होत्या. मोनिका नाव पुसायला आली होती, आणि वाहिनी ते पुसता पुसता विकत होती. या दोहोंत प्रामाणिक कोण, याचं उत्तर मला अमेरिकेच्या बाजूनं द्यावं लागतं, जरी तो कार्यक्रम मला दोन भागांच्या वर सहन झाला नाही.

आपल्याकडे पुरुष गुन्हेगाराची गोष्ट वेगळ्या साच्यात बसते. अरुण गवळी २००४मध्ये चिंचपोकळीतून आमदार झाला. २०१२मध्ये त्याला नगरसेवकाच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली, आणि त्यानंतर ‘दगडी चाळ’ आणि ‘डॅडी’ हे चित्रपट आले. मकरंद देशपांडेचा ‘डॅडी’ पाहताना थिएटरात शिट्ट्या वाजत. त्याला कुणी भांडी घासून शुद्ध व्हायला सांगितलं नाही. पुरुषाला आख्यायिका मिळते. बाईला चारित्र्याचा दाखला मिळवावा लागतो, तोही दर आठवड्याला नव्यानं.

मोनिका अंतिम फेरीपर्यंत पोचली नाही, पर्व आशुतोष कौशिकनं जिंकलं. पण तिला हवं होतं ते तिला मिळालं. २००९मध्ये ‘झलक दिखला जा’त ती नाचली, ‘राझ पिछले जनम का’मध्ये मागच्या जन्मात डोकावून आली. या कार्यक्रमाकडे थोडं थांबून पाहिलं पाहिजे. या जन्माबद्दल बोलता येत नाही अशा बाईला मागच्या जन्माबद्दल बोलायला बसवणं, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला विनोदबुद्धी तरी असावी किंवा अजिबात नसावी. २०१०मध्ये ‘देसी गर्ल’च्या निमित्तानं ती खेड्यात गेली. नंतर २०१३मध्ये संजय लीला भन्साळीच्या ‘सरस्वतीचंद्र’ मालिकेत तिला घुमनची भूमिका मिळाली. घुमन ही नायकाची कपटी सावत्र आई. इथे ती मला पहिल्यांदा नटी म्हणून दिसली. भुवई किंचित उचलून, आवाज खाली ठेवून ती जे करत होती, त्यात तिच्या कुप्रसिद्धीचा उपयोग नक्कीच होता, पण तो तिच्या ताब्यात होता. रिअ‍ॅलिटी शोंनी तिला निष्पाप दाखवण्याचा आटापिटा केला आणि ती फिकी पडली. काल्पनिक मालिकेनं तिला दुष्ट केलं आणि ती जिवंत वाटली. समीक्षक म्हणून मला या सगळ्या प्रवासातली हीच गोष्ट सर्वांत रंजक वाटते.

‘बिग बॉस’नं मात्र तिच्यापासून एक धडा घेतला आणि तो पुढे गिरवला. २०१०च्या चौथ्या पर्वात, सलमान खान सूत्रसंचालक झाला त्या वर्षी, घरात चंबळची माजी डाकू सीमा परिहार होती, देशभर गाजलेला घरफोड्या बंटी चोर होता, आणि अजमल कसाबचं वकीलपत्र घेतलेले वकील अब्बास काझमीही होते. अपराधाच्या आसपासच्या माणसांसाठी आता जणू राखीव जागाच झाली होती. वकिलाला आणि आरोपींना एकाच पंगतीत बसवताना वाहिनीला काही वावगं वाटलं नाही, कारण तिच्या दृष्टीनं दोघांचं भांडवल एकच होतं : बातम्यांतून आलेलं नाव.

ते पर्व चालू असतानाच, नोव्हेंबर २०१०मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं मोनिका बेदीच्या अपिलावर निकाल दिला. एकाच गुन्ह्यासाठी पोर्तुगालमध्ये शिक्षा भोगली असताना इथे पुन्हा खटला चालवता येणार नाही, हा तिचा मुद्दा न्यायालयानं फेटाळला. दोष कायम ठेवला, शिक्षा मात्र भोगली तेवढीच पुरेशी धरली. निकालपत्र वाचण्यासारखं आहे. त्यात सालेमशी तिचं नातं काय होतं याची चर्चा नाही, ती शांत आहे की भांडखोर याचीही नाही. आहे तो फक्त एक पासपोर्ट, त्यावरचं खोटं नाव आणि त्यासाठी वापरलेली कागदपत्रं. संध्याकाळच्या बातम्यांत त्याला थोडी जागा मिळाली. त्याच महिन्यात लोणावळ्याच्या घरात पामेला अँडरसन पांढरी साडी नेसून तीन दिवसांसाठी राहायला आली होती.