झेड-शेलमधील असोसिएटिव्ह ॲरे आणि किल्ल्यांचा नमुनाशोध : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकाला लेखी आज्ञा देण्याचे माध्यम म्हणजे शेल. पॉल फॉलस्टॅड यांनी १९९० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थिदशेत लिहिलेले झेड-शेल दीर्घकाळ मोजक्या जाणकारांपुरते मर्यादित होते. २०१९ मध्ये मॅकओएस प्रणालीने बॅशऐवजी त्याचा मूळ शेल म्हणून स्वीकार केला आणि त्याची वैशिष्ट्ये सर्वसामान्य अध्यापक-विद्यार्थ्यांपुढे आली. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच वैशिष्ट्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
साध्या ॲरेमध्ये मूल्ये क्रमांकाने साठविली जातात, तर असोसिएटिव्ह ॲरेमध्ये किल्लीने. शब्दकोशात शब्दावरून अर्थ गाठावा तसे. परंतु किल्ली अर्धवटच ठाऊक असेल तर? बॅशमध्ये असोसिएटिव्ह ॲरे २००९ च्या ४.० आवृत्तीत आले, मात्र अशा शोधासाठी तेथे सर्व किल्ल्या एकेक करून तपासणारे लूप लिहावे लागते. झेड-शेलमध्ये हेच काम चौकटी कंसातील एका रोमन अक्षराने होते. मोठ्या लिपीतील ‘आय’ देऊन ‘ना*’ हा नमुना लिहिला, की नाशिक, नागपूर, नांदेड या सर्व किल्ल्या हाती येतात. ही सोय निःसंशय मोलाची आहे.

अडचण सुरू होते ती या अक्षरांच्या अर्थात. साध्या ॲरेवर मोठा ‘आय’ शेवटच्या जुळणीचा क्रमांक देतो. असोसिएटिव्ह ॲरेवर तोच ‘आय’ जुळणाऱ्या सर्व किल्ल्या देतो. लहान ‘आय’ला काहीच न सापडल्यास साध्या ॲरेत लांबीपेक्षा एकाने अधिक संख्या मिळते, येथे मात्र रिकामे अक्षरसूत्र. एकाच चिन्हाचे हे दुहेरी वर्तन नवशिक्याने पाठ करण्यापलीकडे दुसरा मार्ग नाही.

‘के’ या अक्षराने तर शोधाची दिशाच उलटते. येथे किल्ल्या स्वतःच नमुने ठरतात आणि दिलेला शब्द त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. नियमांची सारणी लिहिण्यास ही रचना मोहक वाटते. समजा, ‘परीक्षा*’ या किल्लीपुढे ‘जतन’ आणि ‘*.टीएमपी’ या किल्लीपुढे ‘नष्ट’ असे लिहिले. ‘परीक्षा-गुण.टीएमपी’ ही फाइल दोन्ही नियमांत बसते. लहान ‘के’ यांपैकी एकच मूल्य देतो, पण कोणते? लिहिणारा गृहीत धरतो, की आधी लिहिलेला नियम आधी लागू होईल. केस विधानाने त्याला तीच सवय लावलेली असते. असोसिएटिव्ह ॲरेला मात्र क्रमच नसतो आणि झेड-शेलची अधिकृत पुस्तिकाही तसे स्पष्ट सांगते. गुणांची फाइल राहणे वा पुसली जाणे येथे अंतर्गत मांडणीवर अवलंबून राहते. संगणक चूक झाल्याचा संदेशही देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

यात दोष सुविधेचा कमी आणि तिच्या संकेतलिपीचा अधिक आहे. बॅशमधील लूप लांबलचक खरे, परंतु कोण नमुना आणि कोण शब्द हे त्यात डोळ्यांना दिसते. झेड-शेलने वाचविलेल्या चार ओळींत नेमका हाच भेद लपला आहे.

देवनागरी किल्ल्या वापरणाऱ्यास आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रश्नचिन्ह हा नमुना एका अक्षराशी जुळतो, पण शेल काना, मात्रा, उकार स्वतंत्र मोजते. वाचकाला दोन अक्षरी वाटणारा ‘पुणे’ हा शब्द शेलच्या लेखी चार अक्षरांचा असल्याने दोन प्रश्नचिन्हांनी तो सापडत नाही.

सर्व जुळण्या हव्या असतील तेव्हा मोठा ‘आय’ किंवा मोठा ‘के’ निर्धास्तपणे वापरावा. लहान अक्षरे मात्र एकाहून अधिक जुळणी संभवतच नाही तेथेच योग्य. नियमांचा अग्रक्रम महत्त्वाचा असेल, तर नमुने साध्या ॲरेत क्रमाने ठेवून लूपनेच तपासणे इष्ट. झेड-शेलमध्येही ते तितकेच सुलभ आहे.