खेळ सोडण्याची वेळ

दूरचित्रवाणीवरील करमणुकीविषयी गंभीरपणे लिहू नये, असा एक समज आपल्या वाङ्मयीन वर्तुळात पूर्वीपासून रुजलेला आहे. कादंबरीवर लिहावे, नाटकावर लिहावे, फार तर चित्रपटावर लिहावे. परंतु रात्रीच्या जेवणाबरोबर पाहिल्या जाणाऱ्या विनोदी मालिकेवर किंवा प्रश्नमंजुषेवर काय लिहायचे? आम्हांला हा समज मान्य नाही. आपल्या घरांतून पुस्तकाला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या कितीतरी पट वेळ या पडद्याला मिळतो. ज्या गोष्टीला कुटुंबाने इतका वेळ द्यावा, तिची पारखही कुटुंबाने करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

विनोदी मालिका आणि पैशांची प्रश्नमंजुषा हे वरकरणी दोन वेगळे प्रकार आहेत. एकात हसायचे, दुसऱ्यात श्वास रोखून धरायचा. तरीही गेली अनेक वर्षे हे दोन्ही पाहताना एकच कसोटी आमच्या मनात राहिली आहे. आपण कोठे थांबावे, हे त्या मालिकेला कळले काय? आणि त्या स्पर्धकाला कळले काय?

प्रथम मालिकांकडे वळू. आपल्याकडे प्रसंगनिष्ठ विनोदाची खरी सुरुवात १९८४ साली दूरदर्शनवरील ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेने झाली. लेखन शरद जोशी यांचे आणि दिग्दर्शकांत कुंदन शाह होते. एक नवराबायको, बायकोचा बेकार भाऊ, आणि दर खेपेला नव्या वेषात, नव्या नावाने दार वाजवणारे सतीश शाह. या प्रकाराचे मर्म त्या मालिकेने नेमके ओळखले होते. येथे माणसे बदलत नाहीत, प्रसंग बदलतात. कादंबरीतील नायक अनुभवाने शहाणा होतो. विनोदी मालिकेतील माणूस दर आठवड्याला पुन्हा पहिल्याइतकाच वेडा होऊन येतो, आणि तो तसाच येणार ही खात्री हाच प्रेक्षकाचा आनंद असतो. मात्र या खात्रीलाच पुढे बुरशी येते. ती कधी येते, हे लेखकाने प्रेक्षकाच्या आधी ओळखायला हवे.

मराठीत २००१ साली अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आम्ही या प्रकारातील उत्तम नमुना मानतो. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर ती आधारलेली होती आणि दिग्दर्शन केदार शिंदे यांचे होते. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका ही पाच माणसे, त्यांचे मध्यमवर्गीय घर आणि त्या घरातील क्षुल्लक पेच. आबांचे विनोद कोणाला लहान करीत नाहीत, हे त्या मालिकेचे पहिले वैशिष्ट्य. म्हातारा माणूस घरातील अडगळ नव्हे, तो त्या घराचा रोजनिशीकार आहे, ही कल्पनाच किती सुंदर! तीन पिढ्या एका छपराखाली नांदवणाऱ्या आपल्या कुटुंबांना ती आपलीशी वाटली, यात नवल नाही. आणि लोकांच्या मनात गोडी शिल्लक असतानाच तिने निरोप घेतला.

हिंदीत २००४ साली स्टार वन वाहिनीवर आलेल्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ची जातकुळी वेगळी. तिच्यातील विनोदाला धार आहे. रत्ना पाठक शाह यांची माया साराभाई सुनेला ‘मिडल क्लास’ म्हणते, तेव्हा आपण हसतो ते सुनेला नव्हे, मायेच्या ताठ मानेला हसतो. आतिश कपाडिया यांच्या लेखणीने हा तोल शेवटपर्यंत सांभाळला. रोसेशच्या कवितांनी तर वाईट कविता म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कोणत्याही काव्यशास्त्रापेक्षा अधिक स्पष्टपणे शिकवले असेल. पहिल्या पर्वाचे भाग सत्तरच्या आसपास. २०१७ साली तीच माणसे पुन्हा एकत्र आली, पण आम्हांला ते दुसरे पर्व आधीच्या सुगंधाची रिकामी कुपी वाटले. इंग्रजांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या मालिकेचे तर १९७५ आणि १९७९ या दोन वर्षांत मिळून अवघे बारा भाग झाले. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी तेरावा लिहिला नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ उभी आहे. २८ जुलै २००८ रोजी सुरू झालेल्या या मालिकेने २०२४ साली चार हजार भागांचा टप्पा ओलांडला. तिच्याविषयी तुच्छतेने बोलण्याची सुशिक्षितांत पद्धत आहे. ती आम्हांला पसंत नाही. पहिल्या काही वर्षांतील गोकुळधाम सोसायटी खरोखर जिवंत होती. पाण्याची टंचाई, गाडी उभी करण्यावरून भांडण, शिकवणी घेणाऱ्या आत्माराम भिडे मास्तरांची काटकसर, माधवीची लोणची आणि पापड, जेठालालच्या दुकानातील घोळ: यांत मुंबईच्या कोणत्याही इमारतीला स्वतःचे तोंड दिसले असते. प्रत्येक प्रांताचा माणूस तेथे होता आणि कोणाच्याही घरचे जेवण दुसऱ्याला वर्ज्य नव्हते. (हिंदी विनोदात ख्रिस्ती शेजारी आला की त्याचे हिंदी मोडके असलेच पाहिजे, हा साचा आम्ही वर्षानुवर्षे सोसत आलो आहोत, पण तो विषय वेगळा.)

मग बिघडले कोठे? मूळ तारक मेहता हे चित्रलेखा या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून सदर लिहीत. सदराचा प्रत्येक लेख आपल्या पायांवर उभा असतो. आठवड्यास एक, आणि त्यातच आरंभ व शेवट. दैनंदिन मालिकेला ही चैन परवडत नाही. एका लेखाच्या ऐवजावर दहा-दहा भाग काढावे लागतात. मग एक वाक्य उच्चारले गेले की कॅमेरा पंधरा चेहऱ्यांवरून फिरतो आणि प्रत्येक चेहऱ्याला एकेक ‘धाडकन्’ असा आवाज जोडला जातो. दया ही भूमिका करणाऱ्या दिशा वाकाणी २०१७ साली रजेवर गेल्या त्या परतल्या नाहीत. पण ‘दया येणार’ या आशेवर कथानके पुन्हा पुन्हा लोंबकळत ठेवली गेली. टप्पूच्या भूमिकेतील नट दोनदा बदलला. पात्र म्हातारे होत नाही, नट मात्र होतो, आणि त्या फटीतून सारे नाटकीपण दिसू लागते. येथे दोष नटांचा नाही. ज्यांचे तेवढे चालू आहे त्यांना ‘पुरे’ असे सांगणारा कोणी उरलेला नाही. जाहिराती येत आहेत, तोवर थांबणे हा वाहिनीच्या लेखी तोटा.

मालिका थांबवण्याचा निर्णय असा दूर कोठेतरी, हिशेबाच्या वहीत होतो. प्रश्नमंजुषेत मात्र तोच निर्णय एका माणसाला, खुर्चीवर बसून, सर्वांच्या देखत घ्यावा लागतो. म्हणून तो पाहण्यासारखा असतो.

ही सोय जुन्या प्रश्नमंजुषांत नव्हती. रेडिओवर १९७२ पासून हमीद सयानी यांनी सुरू केलेली बोर्नव्हिटा क्विझ आणि १९८५ सालचा सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ यांत ज्ञानाचीच परीक्षा होती. उत्तर आले तर गुण, नाही आले तर पुढचा संघ. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले. मूळ इंग्लंडमधला, १९९८ सालचा खेळ. त्याच्या निर्मितीतही बसू होतेच. पण या खेळाने ज्ञानाच्या जोडीला एक नवा प्रश्न आणून बसवला: ठाऊक नसताना काय करावे?

पहिल्या पर्वातील पंधरा प्रश्नांची शिडी पुष्कळांना आठवत असेल. दहाव्या प्रश्नाला ३ लाख २० हजार, आणि तेथून पुढे चुकले तरी तेवढी रक्कम हातची जात नसे. आता हिशेब करू. ३ लाख २० हजारांवर असताना अकरावा प्रश्न आला, तर गमावण्यासारखे काहीच नाही. तेथे डोळे मिटून उत्तर द्यावे, खेळ सोडणे हा निव्वळ भाबडेपणा. ६ लाख ४० हजारांवरून १२ लाख ५० हजारांकडे जाताना, आपले उत्तर बरोबर असण्याचा संभव शंभरात सुमारे ३४ असला की सरासरीने तोटा नाही. ५० लाखांवरून एक कोटीकडे जाताना मात्र तोच आकडा ४८ होतो. म्हणजे चारांतील दोन पर्याय गाळणारी लाइफलाइन ज्याने शेवटच्या प्रश्नासाठी राखून ठेवली, त्याने नाणे उडवून उत्तर दिले तरी सरासरी ५१ लाख ६० हजार पडते. शेवटच्या प्रश्नापर्यंत एखादी लाइफलाइन जपणे हे म्हणूनच मोठे शहाणपण.

प्रेक्षकांचा कौल मात्र लवकर वापरावा, असे आमचे मत आहे. जेम्स सुरोविकी यांनी २००४ सालच्या आपल्या पुस्तकात या खेळाच्या अमेरिकी आवृत्तीची आकडेवारी दिली आहे: फोनवरील जाणकार मित्र शंभरात ६५ वेळा बरोबर, तर सभागृहातील गर्दी ९१ वेळा. गर्दीला सोपे प्रश्न विचारले गेले असतील, हे त्यांनीही मान्य केले आहे. तेच तर सूत्र आहे! चित्रपट, क्रिकेट, सणवार हे गर्दीला विचारावे. अणुविज्ञानाचा प्रश्न तिला विचारला तर ती आपल्याइतकीच गोंधळलेली निघते, आणि तिच्या गोंधळावर टक्केवारीचा शिक्का बसल्याने तो ज्ञानासारखा दिसतो.

एवढा हिशेब मांडून झाल्यावर आम्ही वाचकांपुढे अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांना उभे करतो. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या या बाईंना महिन्याला दीड हजार रुपये मिळत. २०१९ साली त्यांनी एक कोटी जिंकले. त्यांच्यापुढे सात कोटींचा प्रश्न आला आणि त्यांनी खेळ सोडला. चुकल्या असत्या तर ३ लाख २० हजारांवर आल्या असत्या. अंकगणिताला विचारा: ते म्हणेल, चारांपैकी कोणत्याही पर्यायावर आंधळेपणाने बोट ठेवले असते तरी सरासरी पावणेदोन कोटींच्या वर जाते, शंभरात १४ संभव असला तरी पुरे. मग बाई चुकल्या काय?

मुळीच नाही. सरासरी ही हजार वेळा खेळणाऱ्यासाठी असते. बाईंना ती खुर्ची आयुष्यात एकदाच मिळाली होती. डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ सालीच हे दाखवून दिले. कोणा गरिबाच्या हाती एक चिठ्ठी आली, तिच्यावर वीस हजार मोहरा तरी मिळतील किंवा काहीच नाही, दोन्ही संभव सारखे. त्याने ती नऊ हजारांना विकली तर तो मूर्ख ठरत नाही, आणि जो श्रीमंत ती तेवढ्याला घेतो तोही मूर्ख ठरत नाही. पैशाची किंमत तो कोणाच्या पदरात पडतो, यावर ठरते. खिचडी शिजवणाऱ्या हातांना पहिल्या कोटीने जे दिले, ते पुढच्या सहा कोटींना देता आले नसते. बर्नुलीने जे समीकरणांत मांडले, ते बाईंनी त्या खुर्चीवर बसून केले.

येथेच या कार्यक्रमावरील आमचा मुख्य आक्षेप आहे. खेळ सोडल्यानंतर सूत्रसंचालक स्पर्धकाला विचारतात, ‘उत्तर द्यायचे असते तर कोणते दिले असते?’ अमिताभ बच्चन हे अत्यंत मार्दवाने विचारतात. त्यांच्या सौजन्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु प्रश्न निर्दय आहे. अंदाज बरोबर निघाला की सभागृह हळहळते आणि घरोघरी बैठकीतून ‘अरेरे, सोडायला नको होते!’ असा निकाल दिला जातो. ज्या माणसाने आपल्याला ठाऊक नाही हे प्रामाणिकपणे ओळखले, तो त्या क्षणी भित्रा ठरतो. आणि ज्याने अंधारात उडी मारली व सुदैवाने जमिनीवर पडला, तो वीर. निर्णय घेताना हाताशी काय होते यावरून निर्णयाचे मोल ठरवायचे की नंतर काय घडले यावरून? शेत विकणारा, मुलीला परगावी शिकायला पाठवणारा, शस्त्रक्रियेला होकार देणारा अशा साऱ्यांना आपण याच मापाने मागाहून मोजतो, आणि उगाच दुःखी करतो. हे माप हा कार्यक्रम दर रात्री आपल्या मुलांच्या हाती देतो.

दुसरा आक्षेप लहान आहे. पूर्वी स्पर्धकाची ओळख दोन वाक्यांत होत असे. आता त्याच्या दारिद्र्याची चित्रफीत आधी दाखवतात, पार्श्वभूमीला सूर आळवले जातात, आणि मग प्रश्न. २०११ साली पाच कोटी जिंकणारे मोतिहारीचे सुशील कुमार यांनी पुढे २०२० साली स्वतःच जाहीरपणे लिहिले, की विजयानंतरची काही वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण होती. फसवणूक झाली, व्यसने लागली. नंतर ते शिक्षकी पेशाकडे वळले. धनादेशानंतरचे हे चित्रण कोणत्याही चित्रफितीत येत नाही.

तरीही या खेळाने दिलेला एक क्षण आम्ही कोणत्याही विनोदी मालिकेच्या तोडीचा मानतो. १९ नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकेत जॉन कारपेंटर हा करखात्यातील कर्मचारी दहा लाख डॉलरच्या शेवटच्या प्रश्नावर पोहोचला. तोवर त्याने एकही लाइफलाइन वापरली नव्हती. प्रश्न होता, ‘लाफ-इन’ या दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमात कोणते राष्ट्राध्यक्ष झळकले होते? त्याने वडिलांना फोन लावण्याची परवानगी मागितली. सारे सभागृह चिडीचूप. वडील फोनवर आले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, की मला तुमची मदत मुळीच नको आहे. मी दहा लाख डॉलर जिंकणार आहे, एवढेच कळवायचे होते. मग त्याने उत्तर दिले: रिचर्ड निक्सन.