कालव्याचा फायदा मोजायचा कसा? गाडगिळांच्या 1948च्या अहवालाचं चिकित्सक वाचन

संशोधन प्रस्तावात आपण सगळेच एक वाक्य हमखास टाकतो : 'अमुक योजनेचा तमुक गावांवर झालेला परिणाम अभ्यासणे.' मुलाखतीत त्यावर पहिलाच प्रश्न येतो की परिणाम ठरवणार कशावरून, तुलना कशाशी करणार? याची तयारी करायची असेल तर पद्धतीच्या पाठ्यपुस्तकापेक्षा एक जुना अहवाल वाचा. धनंजयराव गाडगिळांचा गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांवरचा हा अहवाल पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने 1948 साली प्रसिद्ध केला. आजच्या लेखात त्याची ताकद कुठे आहे आणि ही पद्धत कुठे कमी पडते, ते पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1876-78च्या दुष्काळानंतर दख्खनमधल्या कालव्यांना जोर आला. नीरा डावा कालवा 1885मध्ये सुरू झाला. पुढे दारणा धरण (1916) आणि नांदूर मधमेश्वरचा बंधारा यांतून गोदावरीचे कालवे, तर भंडारदरा धरणातून (1926) प्रवरेचे कालवे वाहू लागले. हेतू दुष्काळापासून संरक्षणाचा होता, पण हिशेब व्हायचा नफ्या-तोट्याचा. पाणीपट्टीतून गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज सुटतं का, एवढंच सरकार बघायचं. आणि ते सुटत नव्हतं. काळ्या कसदार जमिनीचा शेतकरी बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीला पाणी घेतच नसे. कालव्यांचा हिशेब सावरला तो बारमाही पाणी पिणाऱ्या उसाने.

गाडगिळांचं पहिलं श्रेय इथे आहे. त्यांनी प्रश्नच बदलला. सरकारी तिजोरीत किती आले, एवढ्यावर कालवा जोखायचा नाही. त्या भागाच्या अर्थव्यवस्थेत किती भर पडली, हे बघायचं. शेतात वाढलेलं उत्पादन हा प्रत्यक्ष लाभ. त्यातून मजुरी, वाहतूक, बाजार, गूळ-साखरेची प्रक्रिया यांना जी चालना मिळते तो अप्रत्यक्ष लाभ. हे मोजायला त्यांनी कालव्याखालची बागायती गावं आणि त्याच भागातली जिरायती गावं शेजारी ठेवून पाहिली. 'प्रकल्पासह' आणि 'प्रकल्पाविना' अशी तुलना आज आपण सहज करतो. त्या काळी गावोगाव फिरून ती करणं मोठं काम होतं.

आता आक्षेप. तीन आहेत.

पहिला : दोन गावांत फरक फक्त पाण्याचाच होता का? कालवा आला तशी उसाची जाणकार माणसंही आली. सासवडचे माळी आधी नीरेच्या आणि नंतर गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर गेले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस लावला. हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला. म्हणजे बागायती गावात पाण्यासोबत कौशल्य आणि भांडवलही होतं. यातलं किती श्रेय पाण्याचं? नुसती दोन गावं शेजारी ठेवून याचं उत्तर निघत नाही.

दुसरा : वेळ. एखाद्या काळात केलेली पाहणी म्हणजे फोटो असतो. नीरेच्या खोऱ्यात पाणी सुरू होऊन पाव शतक झालं तोवर जमिनी खारावल्या होत्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी 1910मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. जिथे आज ऊस उभा आहे तिथेच उद्या चोपण जमीन असू शकते. लाभ लगेच दिसतो, नुकसान मुरत मुरत येतं.

तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : जिरायती गाव खरंच कालव्याच्या 'बाहेर' असतं का? घाटकोपरचं उदाहरण घ्या. 2014मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिचा घाटकोपरला काय फायदा झाला हे मोजायला तुम्ही मेट्रो नसलेलं विक्रोळी तुलनेला घेतलंत. पण विक्रोळीची माणसंही लोकलने घाटकोपरला येऊन मेट्रोच पकडतात! मग विक्रोळी 'मेट्रोविना' कसं? कालव्याचंही तेच. कोरड्या गावातला मजूर बागायती गावात कामाला जातो. आजही पाथर्डी, आष्टीकडची कुटुंबं कोयता घेऊन उसाच्या पट्ट्यात उतरतात. पाणी त्यांच्या गावात पोचलं नाही, पण कालवा पोचला. आणि वरच्या अंगाला धरण अकोले तालुक्यात, तर पाणी खाली श्रीरामपूर-राहुरीकडे. लाभक्षेत्राची रेघ मारली की ही माणसं हिशेबातून गळतात, किंवा 'तुलनेचं गाव' म्हणून गप्प उभी राहतात.

म्हणून अहवाल मोडीत काढायचा का? मुळीच नाही. फायदा फक्त महसुलात नसतो हे त्याने दाखवलं म्हणूनच आपण पुढे विचारू शकतो की मग तो नेमका कुणाकडे गेला. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, 1950मध्ये तो सुरू झाला आणि त्याचे अध्यक्ष होते हेच गाडगीळ. कागदावरचा 'अप्रत्यक्ष लाभ' शेतकऱ्याच्या मालकीचा व्हावा यासाठी संशोधक स्वतः उतरला. पण त्या मालकीतही सभासद ऊस उत्पादक आत आणि तोड करणारा बाहेर, ही रेघ कायम राहिली.

तुमच्या प्रस्तावात तुलनेचं गाव, वस्ती किंवा शाळा निवडताना एवढं जरूर लिहा : ती दुसऱ्या बाबतींत किती सारखी आहे, पाहणीचा काळ पुरेसा आहे का, आणि योजनेचा तिच्यावरही परिणाम झालाय का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर घाबरू नका. बरेचदा खरा विषय तिथेच असतो.

मूळ अहवाल वाचायचा असेल तर गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात शोधा. आधी तक्ते नको, गावं कशी निवडली ते वाचा.