कायाकल्पाचें नवें पुराण

सुशिक्षित कुटुंबांच्या जेवणाच्या टेबलावर मीठ-लोणच्याच्या शेजारीं अलीकडे एक नवी बाटली येऊन बसली आहे. परदेशीं असलेला मुलगा वर्षा-दोन वर्षांनीं घरीं येतो, तेव्हां आईवडिलांसाठीं अशा बाटल्या तो आठवणीनें आणतो. या गोळ्या कोणत्या रोगावर, असें विचारलें तर उत्तर मिळतें, "रोगावर नव्हे, वयावर." ही भाषा सुशिक्षित वाचकांत रूढ करणाऱ्या ग्रंथांत 'लाइफस्पॅन' हा ग्रंथ प्रमुख होय. हार्वर्ड येथील प्राध्यापक डेव्हिड सिंक्लेअर यांनीं मॅथ्यू लाप्लांट यांच्या साहाय्यानें लिहिलेला हा ग्रंथ २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. आम्ही त्याच्याकडे शास्त्रज्ञाच्या नव्हे, तर वाचकाच्या दृष्टीनें पाहणार आहोंत. कारण या ग्रंथाचें सामर्थ्य आणि त्याचा धोका, हीं दोन्हीं त्याच्या लेखनकलेंतच आहेत, असें आमचें मत आहे.

प्रथम गुणांचा उल्लेख करणें न्याय्य होय. वार्धक्य हें अटळ प्राक्तन नसून तो एक रोग आहे व त्यावर उपाय शोधतां येईल, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धांत. पेशीला आपलें काम सांगणारी माहिती वयाबरोबर अस्पष्ट होत जाते, हें लेखकानें ओरखडे पडलेल्या तबकडीच्या दृष्टांतानें इतकें सुबोध केलें आहे कीं, शास्त्राचा गंध नसलेल्या वाचकासहि तें सहज पटावें. आजीच्या आठवणी, आईचें आजारपण व मृत्यु, वडिलांचें उतारवय, हें सर्व लेखक जिव्हाळ्यानें सांगतो. वाचक ग्रंथ खालीं ठेवूं शकत नाहीं.

परंतु येथेंच आमची पहिली हरकत आहे. आपण कोणत्याहि औषधाची शिफारस करीत नाहीं, असें लेखक बजावतात. आणि त्याच ठिकाणीं स्वतः रोज सकाळीं एनएमएन नांवाचें द्रव्य एक ग्रॅम व रेस्वेराट्रॉल एक ग्रॅम, तेंहि घरच्या दह्यांत कालवून, घेतों असें सांगतात. वडील ऐंशीच्या घरांत असून अशाच गोळ्या घेतात व उत्साहानें हिंडतात, हेंहि आपणांस कळतें. निषेधाचें वाक्य वाचक विसरतो, दह्याची वाटी मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. एका सुदृढ वृद्धाची गोष्ट ही उत्तम गोष्ट आहे. पण ती पुरावा नव्हे. गोळ्या न घेतां तोच गृहस्थ कसा असता, हें कोण सांगणार? गोळ्यांवांचून नव्वदी गांठलेले आजोबा आपल्याहि आळींत असतात. त्यांच्यावर मात्र कोणी ग्रंथ लिहीत नाहीं.

आतां पुराव्याकडे वळूं. रेस्वेराट्रॉल हें द्राक्षांच्या सालींत सांपडणारें द्रव्य. २००३ सालीं त्यानें यीस्टचें आयुष्य वाढतें असें सिंक्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलें. २००६ सालीं अतिस्निग्ध आहारानें लठ्ठ झालेले उंदीर त्यामुळें अधिक जगल्याचें वृत्त आलें. २००८ सालीं या संशोधनावर उभी राहिलेली कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइननें सुमारें ७२ कोटि डॉलरांस विकत घेतली. पण त्याच वर्षीं, सिंक्लेअर स्वतः ज्यांत सहभागी होते अशा निबंधांत, साधा आहार घेणाऱ्या उंदरांचें आयुष्य त्यानें वाढलें नाहीं असें दिसून आलें. पुढें २०११ सालीं अमेरिकन सरकारच्या वार्धक्यविषयक संस्थेनें तीन प्रयोगशाळांतून घेतलेल्या परीक्षेंतहि तोच निकाल लागला. एनएमएनमुळें मनुष्याचें आयुष्य वाढल्याचें दाखविणारा प्रयोग तर अद्याप झालेलाच नाहीं. हा इतिहास ग्रंथाच्या शेजारीं ठेवून वाचला पाहिजे.

दह्याच्या वाटीवरून आम्हांस दुसऱ्या एका पंडिताची आठवण होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेचनिकॉफ यांनीं १९०७ सालीं ग्रंथ लिहून, बल्गेरियांतील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचें श्रेय त्यांच्या आंबट दुधाला दिलें. पुढल्याच वर्षीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र रोगप्रतिकाराच्या संशोधनासाठीं. ते स्वतः असें दूध नियमानें घेत. १९१६ सालीं, ७१ व्या वर्षीं, ते निवर्तले. दह्याचा यांत दोष नाहीं. एका विषयांतील अधिकार दुसऱ्या विषयाच्या अनुमानास उसना देतां येत नाहीं, एवढाच याचा बोध.

कोणी म्हणेल, "उपयोग न होईना, अपाय तर नाहीं?" हें समाधान खोटें ठरलेलें आहे. भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांस कर्करोग कमी होतो, म्हणून भाज्यांतील बीटा-कॅरोटीन फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर अजमावून पाहिलें. १९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तें घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक व मृत्यु ८ टक्क्यांनीं अधिक! भाजी खाणारा मनुष्य केवळ भाजीच खात नाहीं, तो निराळ्या रीतीनें जगतहि असतो. तें सगळें जगणें गोळींत कसें उतरावें?

तथापि आम्हांस एकांगी व्हावयाचें नाहीं. शरीरांत जें खरोखर कमी आहे तें भरून काढणें हें शहाणपणच आहे: शाकाहारी मनुष्यास बी-१२, गर्भवतीस फोलिक ॲसिड, सर्वांच्या मिठांत आयोडीन. २०२५ सालीं सत्तरीवरील ७७७ स्विस वृद्धांच्या अभ्यासांत, तीन वर्षें ओमेगा-३ घेणाऱ्यांचें रक्तांत मोजलें जाणारें 'जैविक वय' कांहीं महिन्यांनीं मंदावलेलें आढळलें. हें कुतूहलजनक खरें. पण घड्याळ मंद चाललें म्हणून दिवस मोठा झाला, असें अजून सिद्ध व्हावयाचें आहे. उलट, आपल्या देशांत १९४१-५१ च्या दशकांत सरासरी आयुर्मान ३२ वर्षें होतें, तें २०१६-२० मध्यें ७० झालें. हें घडलें तें लस, स्वच्छ पाणी, सुखरूप बाळंतपण व पोटभर अन्न यांमुळें. आयुष्य वाढविण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याहि बाटलीनें तें घडविलेलें नाहीं.

मग या ग्रंथाची एवढी मोहिनी कां? आईवडील जावेत असें कोणासच वाटत नाहीं, हें त्याचें उत्तर. परदेशच्या मुलाला रोज वडिलांबरोबर फिरावयास जातां येत नाहीं, म्हणून तो बाटली पाठवितो. त्या प्रेमाची थट्टा आम्ही करणार नाहीं. पण बाटलीवर जें लिहिलें आहे त्याची परीक्षा केली, तर प्रेमास बाध येत नाहीं, हें आम्ही नम्रपणें सांगूं इच्छितों. सिंक्लेअर यांचा ग्रंथ अवश्य वाचावा. पुत्राचें अंतःकरण त्यांत चांगलें उतरलें आहे. मात्र बाजारांत जातांना तो घरींच ठेवावा.