खेळाच्या पटावर वटार कुठे मांडायचे?

‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकावरचा खेळ सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली आणला. पाळीपाळीने चाली करायच्या आणि एका वस्तीची संस्कृती उभी करायची, असा हा खेळ. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत जमिनीला विशेष महत्त्व आले. विद्यापीठाचा विभाग डोंगराला खेटून बांधला की त्याचे ज्ञान वाढते. बाजारपेठ नदीकाठी भरभराटते, कारखान्यांना खाणींचा शेजार लाभतो. ‘हे इथेच का?’ असा प्रश्न मुलांना प्रत्येक चालीत पडतो. भूगोलाच्या शिक्षकाला आणखी काय हवे? या गुणासाठी आम्ही खेळाची शिफारस करतो.

पण वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वटार या पटावर मांडून पाहू. खेळात नदी, तळे, मरूद्यान यांच्याकाठच्या वस्तीला घरांची ५ एकके मिळतात. नुसत्या समुद्रकाठाला ३ आणि कोरड्या जागेला २. म्हणजे या हिशेबाने वटार दुय्यमच ठरणार! प्रत्यक्षात या पट्ट्यात केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या पिकल्या. पाणी आले कुठून?

ते जमिनीखाली होते. पाऊस वाळूत मुरतो. गोड पाणी हलके, समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता सुमारे १.०२५. म्हणून गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. सिद्धान्त सांगतो, की भूजल समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असेल, तर गोड्या पाण्याचा थर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत जातो. उपशाने ती उंची अर्ध्यावर आली, तर खारे पाणी हळूहळू २० मीटर वर सरकते. वसईकरांनी खोदलेली बावखले पावसाचे पाणी धरत आणि मुरवत. त्यांच्यावर रहाट चालत. खेळाच्या पटाला मात्र जमिनीखालचे पाणी दिसतच नाही.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. सिंचनाची विद्या मिळाली की खेळाडू दलदल काढून टाकू शकतो, आणि त्याबद्दल शहराला लगेच धान्य मिळते. शेजारच्या घराला तोशीस नाही! २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या पुरवणीत नद्यांना पूर येतात, तापमानवाढीने समुद्रही चढतो. परंतु पाणथळ जागा बुजवली म्हणून पावसाचे पाणी दुसऱ्याच्या दारात गेले, असे तिथेही घडत नाही. वसई-विरारमध्ये खाजण, मिठागरे आणि बावखले ही पाणी सामावणारी जागा. तिच्यातली बरीच भरावाखाली गेली. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले आणि वसईत मिठागरात लोक अडकले. अतिवृष्टी तर होतीच; पण पाण्याला थांबायला जागा उरली नसेल, तर तेच संकट मोठे होते.

मग खेळ टाकून द्यावा काय? मुळीच नाही. आमची सूचना अशी, की वर्गात कागदावर षट्कोन आखावेत. मुलांनी गावात हिंडून विहिरी, बावखले, वाड्या, खाजण आणि नवे भराव त्यांत भरावेत. मग एकच नियम वाढवावा: पाणथळ षट्कोन बुजवला, तर त्यातले पाणी शेजारच्या सखल षट्कोनात जाईल. दोन-चार डावांतच मुले भांडू लागतील, आणि ते भांडण ऐकण्यासारखे असेल. कारण मोठेपणी गावाच्या विकास आराखड्यावर हरकत नोंदवायची वेळ याच मुलांवर येणार आहे.