बोलीविना गम्मत

नागपूरच्या धंतोलीत दवाखाने इतके, की इथल्या चहाटपऱ्यांवर अख्खा विदर्भ बोलताना ऐकू येतो. अकोल्याकडची वऱ्हाडी, गडचिरोली-भंडाऱ्याकडची झाडीबोली. पेशंटसोबत आलेली माणसं आपसांत मोकळी बोलतात आणि डॉक्टरांपुढे गेली की जपून, पुस्तकी मराठीवर येतात. आपल्या लोककलांचंही आज असंच झालं आहे.

पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी जोरात आहे, याचा मला अभिमान आहे. दिवाळीनंतर मंडया आणि शंकरपटांचा हंगाम लागतो. वडशातल्या नाटक कंपन्या गावोगाव जातात, लोक तिकीट काढून रात्र जागवतात. २०२३ साली या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तो या साऱ्या मुलखाचा मान होता. पण पेंडॉलमध्ये कान देऊन बसा. नायक-नायिका बोलतात प्रमाण मराठी आणि झाडीबोली येते ती बहुतेक विनोदी पात्राच्या वाट्याला. गाण्यांवर सिनेमाची चाल चढलेली. ज्या प्रेक्षकाच्या पैशावर हा डोलारा उभा आहे, त्याच्या घरातली भाषा रडण्या-भांडण्याच्या प्रसंगाला चालत नाही, हे मला पटत नाही.

खडी गम्मत ही लोककलाही याच मुलखातली. तिला नेपथ्य नको, पडदा नको. ढोलकी, टाळ, लुगडं नेसलेला नाच्या आणि शाहीर. गाण्यातून कथा पुढं सरकते आणि मधेच गम्मत्या तिला अडवतो. तो गावातल्या ताज्या भानगडीवर बोलतो, शाहीर उत्तर देतो, त्या उत्तरावरच पुढचं गाणं उचललं जातं. लिहिलेली संहिता नसते, सगळी मदार तोंडातल्या बोलीवर. महोत्सवात हिला दहा मिनिटं मिळतात, तेव्हा नाच उरतो आणि बोलणं कापलं जातं. मग जे दिसतं त्याला गम्मत म्हणवत नाही.

वऱ्हाडातल्या भुलाबाईच्या गाण्यांचं दुखणं वेगळं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणायच्या, मग खिरापत ओळखायची. आता ती गाणी शाळेच्या कार्यक्रमात, छापील पुस्तकातून म्हटली जातात. वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो आणि ‘माया’शी यमक सहज जुळतं. छापताना शुद्ध केलं की यमक मोडतं, ठेका अडखळतो. दुरुस्ती करणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

सिसिलीत हीच गोष्ट दुसऱ्या वळणानं घडली. इटलीच्या १९९९च्या अल्पसंख्य भाषा कायद्यात सिसिलियनला जागा नाही. तरी त्याच्या कितीतरी आधी, १९५४ साली, लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि दिएगो कार्पितेल्ला यांनी तिथल्या कष्टकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. पुढं लिकाता गावच्या रोझा बालिस्त्रेरी गिटार घेऊन उभ्या राहिल्या आणि गरिबीची, अन्यायाची गाणी थेट सिसिलियनमध्ये गायल्या. त्यांनी बोलीला हसण्यापुरतं ठेवलं नाही. १९९०मध्ये त्या गेल्या, पण नव्या गायिका आजही त्यांच्या गाण्यांकडे वळतात.

आपल्याकडे साधनांची वानवा नाही. झाडीबोलीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचलं. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीनं वऱ्हाडीत अख्खं दुःख पेलून दाखवलं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरातच आहे. खडी गम्मतीची एक पूर्ण रात्र, शाहीर-गम्मत्याच्या बोलण्यासकट, त्यांच्याच गावात ध्वनिमुद्रित व्हावी. आणि वडशाच्या एखाद्या लेखकानं पुढच्या हंगामात नायिकेच्या तोंडी झाडीबोली घालावी. तिकीट काढून मी स्वतः पहिल्या रांगेत बसेन.